रियाज आणि साधना : मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांच्या गायनाच्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना

हिंदुस्थानी संगीताविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात दोन शब्द सतत जोडीने येतात : ‘कला’ आणि ‘साधना’. सत्कारसमारंभातील भाषणांत, मृत्युलेखांत, अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत आणि कलावंतांच्या मुलाखतींतही संगीत ही साधना आहे, ती ईश्वराची उपासना आहे, असे विधान हमखास आढळते. हे विधान इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा नेमका अर्थ कोणी विचारीत नाही. एखादा गायक मनापासून गायला की ती साधना, अभंग गायला की ती साधना, वयोवृद्ध झाला की त्याचे अवघे आयुष्यच साधना! शब्दाची व्याप्ती अशी सैल झाली की त्याचे मोल कमी होते. शिवाय ज्यांनी खरोखरीच आयुष्य वेचून ही विद्या मिळविली त्यांच्या कष्टांवर त्या शब्दाचा एक गोड पडदा पडतो, तो वेगळाच.

प्रस्तुत लेखात या विधानाची परीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी जयपूर-अत्रौली घराण्यातील दोन थोर गायिकांची उदाहरणे घेतली आहेत : गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) आणि त्यांच्या कन्या व शिष्या गानसरस्वती किशोरी आमोणकर (मृत्यू 2017). या मायलेकींना बहाल झालेली बिरुदेच बोलकी आहेत. एकीच्या बिरुदात ‘तप’ आहे, दुसरीच्या बिरुदात देवता आहे. तेव्हा साधनेची चर्चा करावयाची तर ती येथूनच करणे इष्ट ठरेल.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ख्यालगायनातील अध्यात्म हे कलेच्या बाहेरून येऊन तिला पवित्र करणारे तत्त्व नव्हे, स्वर, लय आणि राग यांच्या शिस्तीत, म्हणजेच कलेच्या कारागिरीतच, ते घडत असते. म्हणून कलेत जे कच्चे आहे ते साधनेच्या नावाखाली पक्के ठरत नाही. आणि साधना म्हणून गौरविताना त्या कलेमागचे श्रम, उपजीविका आणि अवहेलना झाकण्याचाही कोणास अधिकार पोहोचत नाही.

आहत नाद : शास्त्रातील एक महत्त्वाचा भेद

संगीत आणि मोक्ष यांचा संबंध जोडणारी परंपरा जुनी आहे. तिचा आधारग्रंथ महाराष्ट्राच्या भूमीवर, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने सिद्ध झाला, ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेराव्या शतकात सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात त्याने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार सांगून त्यांच्या फलाविषयी एक मार्मिक भेद केला आहे. अनाहत नादाची उपासना मुनी करतात. तो मुक्ती देणारा आहे, परंतु रंजक नाही. उलट आहत नाद, म्हणजे आघाताने निर्माण होणारा, कानांना ऐकू येणारा, गळ्यातून व तारेतून उमटणारा नाद, हा लोकांचे रंजन करणारा आहे आणि भवबंधन तोडणाराही आहे.

या विवेचनाकडे बहुधा नादब्रह्माच्या स्तुतीचा एक भाग म्हणून पाहिले जाते. परंतु नीट पाहिले असता शार्ङ्गदेवाने येथे संगीतकाराची बाजू घेतली आहे असे दिसते. योग्याचा नाद श्रेष्ठ आणि गवयाचा नाद कनिष्ठ, अशी उतरंड त्याने लावली नाही. गवयाच्या नादाला दोन्ही फले दिली, आणि त्यातही रंजन आधी सांगितले. रंजन टाळून भवभंजन साधावे असा मार्ग गाणाऱ्याला उपलब्धच नाही. त्याला जे काही गाठावयाचे ते ऐकू येणाऱ्या स्वरातूनच गाठावयाचे आहे. म्हणजे स्वर बेसूर असेल तर रंजन नाही, आणि रंजन नाही तर पुढील फलाचीही आशा नाही.

हा मुद्दा अधिक स्पष्ट होण्यासाठी वारकरी भजनाशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. वारकरी परंपरेत गायन हे नामस्मरणाचे साधन आहे. तेथे आवाज घोगरा असला, टाळ थोडा मागेपुढे झाला, तरी भक्तीला उणेपणा येत नाही. दिंडीत चालणाऱ्या शेकडो कंठांकडून सुरेलपणाची परीक्षा कोणी मागत नाही, आणि तेच त्या परंपरेचे थोरपण आहे. ख्यालाचे तसे नाही. ख्यालात शब्द थोडे, बहुधा शृंगाराचे, ऋतूचे, विरहाचे किंवा सासू-नणंदेच्या जाचाचे असतात. त्या शब्दांतून अध्यात्म काढू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तरीही जाणत्या श्रोत्याला उत्तम ख्याल ऐकताना आपण एका वेगळ्या ठिकाणी जाऊन आलो असे वाटते. हा अनुभव शब्दांनी दिलेला नसेल, तर तो कशाने दिला? याचे उत्तर रियाजाच्या खोलीतच शोधावे लागते.

रियाजाचे स्वरूप : लागणे आणि टाळणे

रियाजाचा प्रारंभ तानपुरा जुळविण्यापासून होतो. चार तारा, पंचम किंवा मध्यम, दोन जोडीच्या तारा आणि खर्ज. घोडीवरील तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढावी लागते. ती नीट निघाली की तारेतून न छेडलेले स्वरही ऐकू येऊ लागतात. प्रस्तुत लेखिकेने विद्यार्थिदशेत काही वर्षे हा अभ्यास केला. गायिका होण्याइतकी कुवत आपल्यात नाही हे यथावकाश ध्यानात आले. परंतु त्या वर्षांत एक गोष्ट निश्चित कळली. षड्ज लावताना आवाज तानपुऱ्यात मिसळतो तो क्षण आपल्या इच्छेने येत नाही. आवाज पुढे रेटला की तो निसटतो, घाबरून मागे घेतला की तो खाली उतरतो. ऐकणे आणि गाणे ही दोन कामे एकाच वेळी होऊ लागली, तरच तो लागतो. ‘सूर लावला’ असे आपण म्हणतो खरे, पण गाणाऱ्याच्या अनुभवाला ‘सूर लागला’ हाच प्रयोग अधिक जवळचा आहे. आपल्या भाषेने हा भेद जपून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट टाळण्याची. भूप रागाचे उदाहरण पाहू. सा, रे, ग, प, ध असे या रागाचे पाचच स्वर. हेच पाच स्वर देसकारातही येतात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, देसकार सकाळी. भूपात गंधार वादी, देसकारात धैवत वादी. भूपाची वस्ती पूर्वांगात, देसकाराची उत्तरांगात. गायकाने धैवतावर थोडा अधिक रेंगाळून मुक्काम केला की भूपात देसकाराची छाया पडते. दुसऱ्या बाजूला शुद्ध कल्याण उभा असतो. त्याचा आरोह भूपासारखाच. मात्र अवरोहातील मिंडेत निषाद आणि तीव्र मध्यम यांचा स्पर्श होतो. भूप गाताना मिंड जराशी सैल सुटली की शुद्ध कल्याणाचा भास होतो. म्हणजे ज्याला आपण विद्यार्थ्यांचा पहिला, सोपा राग म्हणतो तो वस्तुतः दोन दरडींमधील अरुंद वाट आहे.

या वाटेवरून तासभर चालावयाचे तर केवळ स्वरज्ञान पुरत नाही. मोहाचा निग्रह लागतो. गळा तयार झाला की त्याला जे सहज येते ते करण्याची ओढ असते. टाळ्या मिळविणारी तान, तारसप्तकातील लांब ठेहराव, सरगमची आतषबाजी ही सारी हाताशी असतात. रागाचे हित कशात आहे हे ओळखून त्यांतील पुष्कळसे न करणे, हा रियाजाचा न दिसणारा अर्धा भाग होय. योगशास्त्रात यम-नियम म्हणून जे सांगितले जाते त्याचे सांगीतिक रूप याहून वेगळे काय असू शकेल? हा निग्रह उपदेशाने येत नाही, वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी मुरतो. म्हणून त्याला साधना म्हणणे सार्थ आहे. येथे साधना हे कलेला दिलेले विशेषण राहत नाही. ती कलेची कार्यपद्धती ठरते.

मोगूबाई : कष्टाचा स्वर

या दृष्टीने मोगूबाईंच्या चरित्राकडे पाहिले पाहिजे. गोव्यातील सांगे तालुक्यातल्या कुर्डी या गावी 15 जुलै 1904 रोजी त्यांचा जन्म झाला. गोमंतकातील देवळांशी निगडित असलेल्या कलावंत समाजातून त्या आल्या. बालपणीच मातेचे छत्र हरपले. नाटकमंडळीत काम, मग गाण्याचे जमेल तसे शिक्षण, अशी वाटचाल चालू असता सांगली येथे उपचारासाठी राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा रियाज ऐकला आणि आपण होऊन शिकविण्याची तयारी दाखविली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. खाँसाहेब मुंबईस गेले, मोगूबाईही मागोमाग गेल्या. परंतु तालीम सलग मिळाली नाही. मधल्या काळात आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे आणि खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली. अखेर 1934 मध्ये खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला. सांगलीच्या त्या पहिल्या भेटीपासून गंडाबंधनापर्यंत दशकाहून अधिक काळ लोटला होता.

पुढे पतीच्या अकाली निधनानंतर तीन मुलांचा सांभाळ त्यांनी गाऊन आणि शिकवून केला. ज्या गायनाला आपण तप म्हणतो ते या घरात उपजीविकेचेही साधन होते, हे विसरून चालणार नाही. तपस्विनीची आपली प्रतिमा अरण्यातली असते. येथील तपस्विनीला महिन्याचे भाडे द्यावयाचे होते. एवढे असूनही बिकट तालांतील लय, अनवट रागांची शुद्धता आणि बंदिशीची बांधणी यांत त्यांनी तडजोड केली नाही, असे जाणकारांचे मत आहे. उपलब्ध असलेल्या तुलनेने थोड्या ध्वनिमुद्रणांतूनही त्याचा प्रत्यय येतो. आकार मोकळा, आवर्तनाचे भान सतत जागे, आणि सम आली तर ती आणलेली न वाटता आपसूक आल्यासारखी वाटते. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या आधारे करताना जयपूर घराण्यात या दोहोंचा समतोल पाहिला. वामनराव स्वतः मोगूबाईंकडे शिकले होते. हा समतोल त्यांना सिद्धांत म्हणून सुचण्यापूर्वी कानांनी पटला असावा, असे मानावयास जागा आहे.

त्यांच्या अध्यापनाविषयी किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगितलेली एक आठवण येथे उद्बोधक ठरते. माई स्थायी-अंतरा दोन वेळा म्हणून दाखवीत, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात शिष्येने तो सर्व बारकाव्यांनिशी उचलावयाचा. वरवर पाहता ही कठोरता वाटेल. परंतु तिच्यामागे शिक्षणाचे एक तत्त्व आहे. तिसऱ्यांदा ऐकावयास मिळणार नाही हे ठाऊक असले की पहिल्यांदाचे ऐकणे बदलते. हवे तेव्हा मागे नेऊन ऐकता येणाऱ्या ध्वनिमुद्रणाच्या सोयीने आपल्या पिढीला पुष्कळ दिले. पण अशा ऐकण्याची गरज मात्र काढून घेतली. एकाग्रता हा अध्यात्मातील मोठा शब्द माईंच्या घरी या छोट्या नियमातून शिकविला जात होता.

‘साधना’ या शब्दाचे सामाजिक मोल

येथे एका अवघड प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे कार्य अग्रगण्य होय. 1901 मध्ये लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, सामान्य घरांतील मुलामुलींना संगीताची दारे उघडली आणि भक्तिसंगीताच्या द्वारे गाण्याला घरोघरी मान मिळवून दिला. हे ऋण मोठे आहे. मात्र संगीताला पवित्र ठरविताना त्याची आधीची वस्ती अपवित्र ठरत गेली, ही त्याची दुसरी बाजू आहे. जानकी बखले यांनी पलुस्कर आणि भातखंडे यांच्यावरील आपल्या 2005 च्या इंग्रजी ग्रंथात या प्रक्रियेची चिकित्सा करून मुसलमान उस्ताद आणि पेशेवर गायिका यांचे स्थान या नव्या व्यवस्थेत कसे आक्रसले याकडे लक्ष वेधले आहे. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न रास्त आहे.

मोगूबाईंची विद्या नेमकी या दोन समूहांच्या भेटीतून आली. गुरू श्रद्धावान मुसलमान उस्ताद, शिष्या देवळाच्या परंपरेतील कलावंत स्त्री. दोघांमध्ये धर्माचा दुवा नव्हता, जातीचा नव्हता, भाषेचाही पुरता नव्हता. होता तो केवळ स्वराचा आणि शिस्तीचा. त्यामुळे संगीतातील अध्यात्माला कोणत्याही एका पंथाची मोहोर लावता येत नाही, याचा याहून सबळ पुरावा शोधण्याची गरज नाही.

आणि तरीही या साधनेला तिच्या काळात सन्मान मिळाला काय? मैफलींसाठी आईसोबत प्रवास करताना तिला मिळणारी दुय्यम वागणूक आपण पाहिली, प्रवासाची आणि उतरण्याची व्यवस्था कशी असे हे आपण विसरलो नाही, असे किशोरीताईंनी उत्तरायुष्यात अनेकदा बोलून दाखविले. पद्मभूषण किताब मोगूबाईंना 1974 मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर मिळाला. गाणे पवित्र, पण गाणारी स्त्री मात्र ओसरीवर, असा हा व्यवहार होता. साधनेचा गौरव आणि साधकाची उपेक्षा ही एकाच समाजात सुखाने नांदू शकतात, हे यावरून दिसते. म्हणूनच ‘तपस्विनी’ हा शब्द उच्चारताना तो आपण कशाच्या बदल्यात देत आहोत, हे स्वतःला विचारले पाहिजे.

मोगूबाईंचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरले की त्याचे अवशेष काही दिवस उघडे पडतात. एरवी गावाचे नाव उरले आहे ते मुख्यतः एका गायिकेच्या आडनावात.

किशोरीताई : शिस्तीतून सुटका की शिस्तीची पूर्तता?

किशोरी आमोणकर यांच्या गायनावर जाणकारांनी घेतलेला सर्वांत गंभीर आक्षेप असा की त्यांनी जयपूर घराण्याचा स्वर-लयीचा तोल मोडला. आलापीचा विस्तार केला, मिंड आणि कणस्वर यांना अधिक जागा दिली आणि आवर्तनाचा भरीव ताणा सैल केला. आक्षेपात तथ्य आहे. त्यांनी आईव्यतिरिक्त भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्यासह इतरही गुरूंकडून विद्या घेतली होती, आणि घराणे ही गायकाची कायमची हद्द आहे हे त्यांना मान्य नव्हते. प्रश्न असा की हे स्वातंत्र्य त्यांनी कशाच्या बळावर घेतले?

तरुण वयात काही काळ त्यांचा आवाज गेला होता, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. गळा बंद पडला की गाणाऱ्याजवळ उरते ते मनातील गाणे. त्या काळातील चिंतनाने आपली गायकी घडविली असे त्या मानीत. योगायोग असा की त्यांच्या परमगुरूंची, अल्लादियाखाँसाहेबांची, कथाही अशीच सांगितली जाते. अतिगायनाने आवाज गेला, आणि परत आलेल्या वेगळ्या आवाजाला साजेशी गायकी त्यांना नव्याने रचावी लागली. म्हणजे या परंपरेच्या मुळाशीच एक मौन आहे, आणि त्या मौनातून परतण्याचा मार्ग कारागिरीचा आहे. किशोरीताईंनी घराणे सोडले असे म्हणण्यापेक्षा घराण्याच्या संस्थापकाने जे केले तेच त्यांनी आपल्या गळ्यासाठी केले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

त्यांचा ध्वनिमुद्रित भूप या दृष्टीने ऐकण्यासारखा आहे. ‘सहेला रे’ ही द्रुत बंदिश घरोघरी पोहोचली. पण कसोटी लागते ती तिच्या आधीच्या विलंबित ख्यालात. तेथे गंधार हा गाठावयाचा मुक्काम म्हणून येत नाही. ऋषभावरून त्याच्याकडे जाणे, त्याला स्पर्शून परतणे, पंचमावरून त्याच्यावर उतरणे, अशा अनेक वाटांनी तो पुन्हा पुन्हा भेटतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा बदलतो. धैवत येतो, परंतु तो घर करून राहत नाही. देसकार दाराशी येऊन परत जातो. येथे भावनेचा जो ओलावा श्रोत्याला जाणवतो तो या संयमाशिवाय निर्माण झाला नसता. ज्या शिस्तीने माईंनी ‘तिसऱ्यांदा नाही’ म्हटले, तीच शिस्त लेकीच्या गंधारात मऊ होऊन उतरली आहे.

‘स्वरार्थरमणी’ (2009) या आपल्या ग्रंथात त्यांनी राग आणि रस यांच्या संबंधाची सैद्धांतिक मांडणी केली. स्वर ही स्वतःचा अर्थ असलेली भाषा आहे आणि राग म्हणजे भावाचे वातावरण, ही त्यांची आवडती भूमिका होती. ग्रंथातील सिद्धांतांची शास्त्रीय चिकित्सा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की सिद्धांत म्हणून ही मांडणी वादग्रस्त ठरू शकते. मात्र एका गायिकेने आपल्या कामाविषयी दिलेली साक्ष म्हणून तिचे मोल वादातीत आहे. स्वराला अर्थ आहे असे मानणारी व्यक्ती त्याच्याशी खोटे वागू शकत नाही.

मैफलीतील त्यांच्या काटेकोरपणाबद्दल पुष्कळ बोलले गेले. तानपुरे मनासारखे जुळेपर्यंत त्या श्रोत्यांना थांबवीत. गडबड खपवून घेत नसत. प्रसंगी कटू बोलत. या वर्तनाचे सरसकट समर्थन करण्याचे कारण नाही. साधना माणसाला मृदू करतेच असे नाही, हेही त्यातून दिसते. परंतु ज्या मुलीने आईची उपेक्षा पाहिली तिने पुढे मैफलीच्या अटी स्वतः ठरविल्या, यात केवळ स्वभावाचा कडवटपणा पाहणे अपुरे ठरेल. शांततेची मागणी ही स्वरासाठी होती. तशीच ती व्यासपीठावर बसलेल्या स्त्रीच्या मानासाठीही होती. संत सोयराबाईंचा, भेद मावळून सारे एका रंगात मिसळल्याचा अनुभव सांगणारा अभंग त्यांच्या आवाजात ऐकताना हे दोन्ही संदर्भ मनात जागे होतात. देवळाच्या दाराबाहेर ठेवल्या गेलेल्या कवयित्रीचे शब्द आणि मैफलीच्या ओसरीवर ठेवल्या गेलेल्या गायिकेच्या मुलीचा स्वर, असा तो संगम आहे.

एक आक्षेप आणि एक इशारा

या विवेचनावर असा आक्षेप येऊ शकतो की अध्यात्माचा अर्थ एकाग्रता आणि संयम एवढाच केला, तर सुतार, विणकर किंवा घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर यांच्या कामातही तेच अध्यात्म मानावे लागेल. हा आक्षेप मान्य करण्यात हानी नाही. सावता माळ्याने मळ्यात, गोरोबांनी चाकावर आणि कबीरांनी मागावर जे पाहिले, ते याहून फार वेगळे नव्हते. संगीताचे वैशिष्ट्य इतकेच की त्यातील वस्तू घडताक्षणी नाहीशी होते. सुताराच्या हाती शेवटी चौरंग उरतो. गाणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. लागलेला स्वर साठवून उद्या वापरता येत नाही, तो उद्या पुन्हा लावावा लागतो. या अर्थाने अनासक्तीचा धडा संगीताइतका रोखठोकपणे क्वचितच कोणी देत असेल.

इशारा मात्र गंभीर आहे. साधना हा शब्द गुरूच्या हाती सत्ता देतो. अलीकडच्या वर्षांत काही गुरुकुलांतील छळाच्या तक्रारी शिष्यांनी धैर्याने उघड केल्या. अशा वेळी ‘समर्पण’, ‘सेवा’, ‘गुरुकृपा’ हे शब्द ढालीसारखे पुढे केले जातात. प्रस्तुत लेखातील कसोटी येथेही लागू पडते. शिस्त स्वराची असेल तर ती गुरू आणि शिष्य दोघांनाही सारखीच बांधते. माईंनी दोन वेळा म्हणून दाखविले, म्हणजे दोन वेळा त्यांनाही ते बिनचूक म्हणावे लागत होते. जेथे केवळ शिष्यच बांधला जातो आणि गुरू मोकळा राहतो तेथे साधना संपली आणि सत्ता सुरू झाली, असे समजावे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात :

1. ख्यालगायनातील आध्यात्मिक अनुभव शब्दार्थावर किंवा गायकाच्या धर्मश्रद्धेवर अवलंबून नसून स्वर, लय व राग यांच्या शिस्तीतून तो आकारास येतो. शार्ङ्गदेवाने आहत नादाला दिलेले दुहेरी फल या अर्थाने समजून घेतले पाहिजे.

2. कला आणि साधना हे एकामागून एक येणारे टप्पे नव्हेत. रियाजातील निग्रह हे कलेचे तंत्र आहे आणि तीच साधनाही आहे.

3. मोगूबाई आणि किशोरीताई यांच्या गायकीतील भेद हा शिस्त आणि स्वातंत्र्य यांतील भेद नाही. लेकीचे स्वातंत्र्य आईच्या शिस्तीने शक्य केले.

4. साधनेचा गौरव करताना साधकाचे श्रम, उपजीविका आणि सामाजिक स्थान यांची नोंद घेणे हे संगीतसमीक्षेचे कर्तव्य आहे. ते टाळणारा गौरव अपुरा तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे.

महाविद्यालयात आज संगीत हा विषय घेणारे विद्यार्थी कमी असतात, आणि त्यांतील बहुतेक जण गायक होणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक असते. ‘मग रियाज कशासाठी?’ असे एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखिकेस विचारले होते. तेव्हा समाधानकारक उत्तर देता आले नाही. आज असे वाटते की गायक न झालेल्या माणसालाही रियाज एक गोष्ट देऊन जातो : दुसऱ्याचा स्वर पुरता ऐकून घेतल्याशिवाय आपला स्वर लागत नाही, ही जाणीव. संगीताला साधना म्हणण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.